पाकिटावरचा शिक्का

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या काटेवाल्यांचा हात इतका सच्चा, की वाणी आणि सोनार दोघंही डोळे मिटून त्यांच्या शिक्क्यावर विसंबत. खोट एकच, सिगारेट. चाळीस वर्षांची सोबत. पण मुलीला सातवा महिना लागला आणि तिनं स्पष्टच सांगितलं, धुराचा वास येणाऱ्या हातांत बाळ द्यायची नाही. आधी महिनाभर सिगारेट बंद.

काटेवाले हादरले. दवाखान्यात सिगारेट सोडवणाऱ्या नव्या लसीची चाचणी चालू होती, तिथं नाव घातलं. आधी रक्तातली जनुकं तपासली. त्यांचं शरीर निकोटिन झटपट संपवतं, म्हणून तलफ लवकर येते, असं निघालं. दोष आपला नाही, वडिलांकडून आलाय, असं त्यांनी घरी ऐटीत सांगितलं.

बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "वडिलांचं घड्याळही आलं होतं, ते हरवलंत. हे बरं जपलंत."

मग लस टोचली. निकोटिनला ती रक्तातच धरून ठेवते, मेंदूपर्यंत पोचू देत नाही, म्हणजे ओढून मजा येत नाही. मात्र खरी लस कुणाला आणि नुसतं पाणी कुणाला, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. इथंच घोडं अडलं. तपासल्याशिवाय काटा न सोडणारा माणूस. लस चालते का बघायला एक ओढली. नीट कळेना, म्हणून दुसरी.

पंधरा दिवसांनी नर्सबाईंनी विचारलं, तर प्रामाणिकपणे म्हणाले, "ओढत नाही हो, तपासतोय. दिवसाला सात."

"काका, दुरुस्त केलेला काटा रोज उघडून बघता?"

"छे. शिक्का मारला की संपलं."

"मग?"

काटेवाले घरी आले. दुरुस्त काट्याला लावतात तशी पाकिटाभोवती तार आवळली, तिच्या टोकांवर शिशाची गोळी दाबली, स्वतःचा शिक्का मारला आणि ते देवाच्या फळीवर ठेवलं. बायको आधी कुरकुरली, मग म्हणाली की असू दे, राखणीला देवाएवढा जागा दुसरा कोण आहे. तलफ आली की ते फळीपर्यंत जात. पण शिक्का फोडणं म्हणजे लबाडी, हे जन्मभर गिऱ्हाइकांना बजावलेलं, हात धजेना. लवंगा चघळत, चिडचिड करत दिवस काढले.

बाळ झालं तेव्हा शिक्का मारून महिन्यावर पाच दिवस उलटले होते. मुलीनं पाकीट मागवलं, तार ओढून पाहिली, बापाचे हात हुंगले आणि नात त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी तिला हलकेच तोललं.

"तीन किलो दोनशे."

"दवाखान्यात तीन किलो शंभर भरली, बाबा."

"मग त्यांचा काटा माझ्याकडे पाठव," ते म्हणाले, आणि नात परत द्यायचं नावच घेईनात.