फुटबॉलवाल्यांना मारलेल्या लाथा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले, डोकं नंतर. सुईण घाबरली, आई वाचली, मीही वाचले, आणि तेवढ्यावरून लोकांनी ठरवलं की माझ्या पायात गुण आहे. कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की पायाळू माणसाची लाथ खायची, असं आमच्याकडे मानतात. लाथ म्हणजे जोराची नाही. माणसानं सकाळी उपाशीपोटी यायचं, पालथं पडायचं, मी डावा पाय तीनदा कमरेला लावायचा आणि म्हणायचं, "झालं, जा." त्यानं मागं न बघता निघून जायचं.

साठ वर्षं हे करते आहे. माझा त्यावर विश्वास नाही. माझी स्वतःची कमर धरली की मी मलम चोळून दोन दिवस पडून राहते आणि बरी होते. ज्यांना लाथ मारली तेही दोन-चार दिवसांत बरे झाले, कारण उसण दोन-चार दिवसांत जातेच. हे मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मला स्वतःला या गुणाचा फायदा एकच झाला. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून ढग गडगडले की आई मला घरात पाठवायची आणि बहिणी मळ्यात वांगी तोडत राहायच्या.

आमचं घर अकोल्याच्या कडेला, मळ्यातच. थोडा झेंडू, थोडी शेवंती, वांगी, पालक. कुंपणापलीकडे मैदान आहे आणि तिथं आमच्या गावचा फुटबॉलचा संघ खेळतो. पगारी संघ आहे. पगारी म्हटलं की लोकांना टीव्हीवरचे खेळाडू आठवतात. हे त्यातले नाहीत. हे सगळ्यात खालच्या लीगमधले. कपडे स्वतः धुतात आणि दुसऱ्या गावी सामना असला की दोन जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन जातात. माझ्या मुलीचा मुलगा त्यांच्यात डाव्या बाजूला बचाव खेळतो. मुलगी तिवशाला दिली आहे, पण मैदान जवळ म्हणून नातू माझ्याकडे राहतो. तेवीस वर्षांचा आहे आणि चौघांचं जेवतो.

त्या वर्षी लीग सुरू झाली आणि मैदान कृषी प्रदर्शनाला दिलं गेलं. ते उठलं तर एका पुढाऱ्याची सभा ठरली. त्याचं हेलिकॉप्टर उतरावं म्हणून गोलसमोर मुरूम टाकून, दाबून, वर चुन्याचं रिंगण काढलं. पुढारी मोटारीनं आला. मुरूम तिथंच राहिला. लीगचे निम्मे सामने अमरावतीला, तर तिथल्या मैदानावर कपड्यांचा सेल लागला होता. हे सगळं आवरून मैदानं परत मिळाली तेव्हा तीन आठवडे उरले होते आणि नऊ सामने बाकी. शेवटची तारीख पुढे ढकलता येणार नाही, असं वरून कळवलं. ढकलत ढकलतच तर ती इथवर आली होती.

मग सुरू झालं. सोमवारी अकोला, बुधवारी अमरावती, शुक्रवारी पुन्हा अकोला. त्यात गोलसमोरचा तो मुरूम. पहिल्या आठवड्यातच निम्मे पोट्टे लंगडायला लागले. संघाला एक फिजिओ आहे, म्हणजे दुखापती बघणारा. बारीकसा, चष्मेवाला, शिकलेला माणूस. त्याच्याकडे बर्फाची एक पेटी आणि दुखणं मारायचा एक फवारा, आणि खेळाडू बावीस. तो ज्याला बघेल त्याला म्हणायचा, "आराम कर." संघाचे प्रशिक्षक पूर्वी शाळेत खेळाचे शिक्षक होते, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणते. आमच्या कुंपणाशी उभं राहून दोघांचं बोलणं व्हायचं, ते मला पालक निवडता निवडता ऐकू यायचं.

"सर, ह्याले तीन आठवडे आराम पाहिजे."

"तीन आठवड्यात लीग संपते."

"मंग लीग संपेपर्यंत आराम."

"तू फवारा मार न बावा."

एका सकाळी गोलरक्षक माझ्या दारात उभा राहिला. दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच राहिला. कमरेत उसण भरली होती. म्हणाला, सरांनी पाठवलं. मी म्हटलं, उताणा नको, पालथा पड. डावा पाय तीनदा लावला आणि झालं, जा म्हटलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले, तिसऱ्या दिवशी पाच. गेटापासून वाफ्यापर्यंत रांग. ज्यांना लाथ मारायचाच पगार मिळतो ते माझ्याकडे लाथ खायला उभे. एकाचा घोटा सुजला होता. मी म्हटलं, घोट्याची उसण नसते. तो म्हणाला, "आजी, मारून तर पाहा, तुमचं काय जाते." मारली. बोंबलला.

माझं खरंच काही जात नव्हतं, म्हणून मी मारत राहिले. यात माझी चूक झाली ती सांगते. शेतात राबणारा माणूस लाथ खाऊन घरी जातो तेव्हा चार दिवस वाकत नाही, कारण त्याला वाकवतच नाही. माझं "झालं" म्हणजे माझं काम झालं, आता तू तुझं बघ, एवढंच. मास्तरांनी त्या "झालं"चा दाखला केला होता. गोलरक्षकाला अमरावतीच्या सामन्याला घेतलं. उत्तरार्धात चेंडू उचलायला वाकला तो उठलाच नाही. त्याला जीपच्या मागच्या सीटवर आडवा टाकून आणला आणि त्याला जागा व्हावी म्हणून तिघांना अमरावतीहून एसटीनं यावं लागलं.

मी नातवाला विचारलं, "मास्तरनं त्याले खेळू कसं देलं?"

"सरनं इचारलं न त्याले, आजीकडे गेलता का? तो म्हणे हो. मंग घेतलं."

"आन् फिजिओ?"

"फिजिओ तं नाहीच म्हणते, आजी. तो सगळ्यायलेच नाही म्हणते."

त्यानंतर मी रांग बंद केली. दारात उभी राहून सांगितलं की पाय दुखतो. खोटं नव्हतं, इतक्या जणांना मारून खरंच दुखत होता.

शेवटचा सामना अमरावतीला होता. तो जिंकला तर संघ लीगमध्ये टिकणार होता. शिवाय पुण्याच्या एका मोठ्या क्लबचा माणूस खेळाडू हेरायला येणार, अशी बातमी होती. त्याला डाव्या बाजूचा बचाव खेळणाराच पाहिजे, अशी पुढची बातमी. ती कुणी आणली माहीत नाही, पण नातवानं ती पाठ केली होती. आणि आदल्या सामन्यात त्याच्या डाव्या मांडीच्या मागची शीर ताणली गेली होती. त्यानं मला सांगितलं नाही. पण तो पाटावर बसायचं सोडून उभ्यानं जेवायला लागला तेव्हा मला कळलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो स्वतःच अंगणात पालथा पडला.

"मार."

"काहून?"

"तू मार आन् झालं म्हण. सर कुंपणापाशी उभे आहेत."

खरंच उभे होते. मी पाय उचलला नाही. मोठ्यानं म्हटलं, "मास्तर, पायाळूची लाथ रक्ताच्या नात्याले लागत नाही. उलटा परिणाम होते." हा नियम मी तिथल्या तिथे केला. माझ्या आईला, आजीला, कुणालाच माहीत नव्हता. मास्तरांनी मान हलवली, जसं काही त्यांनी हे पूर्वी कुठं वाचलं होतं. मला वाटलं, सुटलं.

दुपारी नातू घरी नाही. मास्तरांनी त्याला मोटरसायकलवर मागं बसवून पातूरला नेलं होतं. तिथं दुसरा एक पायाळू आहे, म्हातारा, रक्ताचा नातेवाईक नसलेला. नातू संध्याकाळी आला तो हसत आला.

"एकदम मोकळं झालं, आजी. तिथला बुढा तं लय जोरात मारते."

"बस मंग पाटावर."

तो म्हणाला, भूक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोन्ही जीपा गेटाशी येऊन उभ्या राहिल्या. मास्तर आत आले. मी ठरवलं होतं की आता सरळ सांगायचं. चुलीवरचा चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, "मास्तर, माह्या पायात काही नाही. पातूरवाल्याच्याही नाही. साठ वर्षं मी लोकायले लाथा मारून राहिली, आन् लोकं आपोआप बरे होऊन राहिले. ह्या पोट्ट्याची शीर गेली. याले नेऊ नका."

मास्तर म्हणाले, "आजी, मोठी माणसं असंच बोलतात. गुण असणारा कधी गुण सांगत नाही."

खोटा नियम त्यांनी लगेच मानला होता आणि खरं सांगितलं तर मला नम्र ठरवत होते. मी नातवाला म्हटलं, "तू पळ. त्या झेंडूच्या वाफ्यापर्यंत जा आन् वापस ये."

तो पळाला. सात-आठ पावलं बरी पडली, मग उजव्या पायावर टुणटुण करत वाफ्याला जाऊन थांबला. परत येताना चालत आला आणि मुद्दाम हळू आला, म्हणजे लंगडणं दिसू नये. मास्तरांनी सगळं पाहिलं आणि घड्याळ बघितलं.

"पहिला हाफ धरून खेळला तरी चालते," ते म्हणाले. "मीबी गुडघा फुटलेला असताना खेळलो होतो."

"म्हणूनच तुमी जिना आडवा चढता, मास्तर."

जीपमधले दोघं-तिघं हसले. मास्तर हसले नाहीत. नातू त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला.

"सर, एक सांगा. तुमाले पटते का हे लाथेचं?"

"मले कायले पटते? मी काय अडाणी हाओ?"

"मंग आमाले पाठवत काहून होते?"

मास्तरांना राग आला असावा, किंवा ते थकले होते. त्यांनाही तीन आठवडे झोप नव्हती. म्हणाले, "अरे, फिजिओ रोज नाही म्हणते. त्याचं ऐकलं तं मैदानात मी आन् ड्रायव्हर, दोघंच उतरतो. मले हो म्हणणारं कोणीतरी पाहिजे होतं न."

नातवाचा निम्मा तरी विश्वास होता, माझ्यावर नसला तरी पातूरवाल्यावर. मग तो जीपपाशी गेला. फिजिओ पुढच्या सीटवर मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसला होता.

"खेळलो तं काय होईन?"

"पूर्ण तुटली तं सहा महिने. मंग पयल्यासारखी पळशील का, सांगता येत नाही."

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"रोज सांगून राहिलो," फिजिओ म्हणाला. "रोज."

नातवानं जीपच्या टपावरून आपली बॅग काढली. मास्तर त्याला अरेतुरे करत बरंच बोलले, पुण्याच्या माणसाचंही नाव घेतलं. नातू मान खाली घालून उभा राहिला, पण बॅग हातातून सोडली नाही. जीपा गेल्या. तो अंगणात बसला, पाय लांब करून, आणि मला म्हणाला, "झालं तुह्या मनासारखं?" मी त्याला चहा दिला. त्यानं घेतला नाही, मग मीच प्यायले.

अमरावतीला काय झालं ते मागाहून कळलं. संख्या भरावी म्हणून खेळाडूंच्या यादीत फिजिओचंही नाव टाकलेलं होतं, तर नातवाच्या जागी त्यालाच उतरवलं. चष्मा काढून खेळला. बरा खेळला म्हणतात, पण पाऊण तासानं त्याच्या पोटरीत गोळा आला आणि त्याला बर्फ लावायला कुणीच नव्हतं. संघ दोन गोलनं हरला. तरी लीगमध्ये टिकला, कारण आमच्या खाली जो संघ होता त्याच्याकडे शेवटच्या सामन्याला उभी राहतील अशी अकरा माणसंच उरली नव्हती. पुण्याचा माणूस आला नाही. त्याच्या स्वतःच्या क्लबचा लांबलेला सामना त्याच दिवशी लागला होता.

हे ऐकून नातू माझ्याशी बोलायला लागेल असं मला वाटलं होतं. तो नऊ दिवस बोलला नाही. दहाव्या दिवशी म्हणाला, माणूस आला असता तर? त्याची मांडी दीड महिन्यानं बरी झाली. फिजिओ येऊन त्याला व्यायाम करून घ्यायचा, एकदा उन्हात बसून माझा पालकही निवडून गेला.

नव्या हंगामाच्या आधी मास्तर कराराचे कागद घेऊन घरी आले. मी खाट टाकली. नातू म्हणाला, "सर, लागोपाठ दोन दिवस सामने असले तं मी एकच खेळीन. ते लिहून द्या."

"लिहून कायले? माहा शब्द आहे."

"लिहून द्या."

मास्तरांनी खिशातून पेन काढून कागदाच्या मागं दोन ओळी लिहिल्या. नातवानं वाचल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. मी चौथीपर्यंत शिकले आहे. लिहिलं होतं, लागोपाठच्या दिवशी सामने आल्यास सदर खेळाडूस शक्यतो एकाच सामन्यात खेळवण्यात येईल.

मी "शक्यतो"वर बोट ठेवलं. मास्तर म्हणाले, "आजी, तेवढं तं राहू द्या." नातवानं बोट बाजूला केलं, तो शब्द स्वतःच्या हातानं खोडला आणि मग सही केली. मास्तरांनी कागद घडी घालून खिशात टाकला. एवढ्यानं काही होईल असं मला वाटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात शनिवारी अकोल्याला आणि रविवारी अमरावतीला सामना होता. नातू शनिवारी खेळला. रविवारी जीप आली तेव्हा तो गेला, पण बाकावर बसायला. मास्तर सबंध रस्ता त्याच्याशी बोलले नाहीत, आणि परतताना त्याला सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं. त्याच्या जागी जो खेळला तो सोमवारी सकाळी माझ्या दारात आला होता, मांडी धरून. मी त्याला फिजिओच्या घराचा रस्ता सांगितला.