डेलचा पहिला गोल

मी आइस रिंकवर बर्फ तासायचं मशीन फिरवतो. मागे गुळगुळीत बर्फ राहतो आणि मशीनच्या पोटात चुरा साठतो. डेलच्या किश्शांचं तसंच आहे. कितीही उपसा, पुढच्या मॅचला पुन्हा ढीग! मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

मिशिगनमधल्या आमच्या गावात छोट्या लीगची आइस हॉकी टीम आहे. डेल आधी तिचा खेळाडू होता, मग कोच झाला. आता जनरल मॅनेजरही तोच.

*

माझ्या पहिल्या दिवशी प्रॅक्टिसला निघताना त्याने माझ्या हातात एक कप दिला. कॉफी समजून मी "थँक यू" म्हणालो.

आत त्याचे चार खोटे दात!

*

माझे काका ॲन आर्बरचे रिटायर्ड डॉक्टर. दर शनिवारी मॅचला येतात. मी मशीन काढलं की स्टँडमधून ओरडतात, "अरे, शाळा सोडलीस, तो कोपरा तरी सोडू नकोस!"

डेलला मराठी येत नाही. तरी तोही त्याच कोपऱ्याकडे बोट दाखवतो.

*

एकदा सलग सहा मॅच हरलो. लोक ओरडायला लागले, "कोचला काढा!"

डेल ऑफिसात गेला, दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी बाहेर आला.

"बोललो त्याच्याशी. एक चान्स मागतोय बिचारा."

*

कुणी नवा खेळाडू पहिला गोल करतो तेव्हा ती रबरी चकती, म्हणजे पक, डेल स्वतः उचलून आणतो. पांढरी टेप लावून त्यावर नाव लिहितो आणि त्याला देतो. आजवर एकालाही विसरलेला नाही.

काकांनी एकदा विचारलं, "डेल, तुझा पक कुठाय?"

अकरा सीझन खेळून त्याचा एकही गोल नाही, हे काकांना ठाऊक नव्हतं. डेल हसला. "अजून जाळ्यात गेला नाही, डॉक्टर."

मग बराच वेळ टेपच गुंडाळत बसला.

*

गेल्या हिवाळ्यात अर्धी टीम फ्लूने झोपली. "मॅनेजरने कोचला विचारलं, कोचने मला," म्हणत चोपन्न वर्षांचा डेल स्वतःच बर्फावर उतरला.

समोरच्या टीमच्या एका पोराने पक मारला. डेल अडवायला धावला, घसरला, आणि त्याच्या स्केटला लागून पक आत गेला. आमच्याच जाळ्यात!

डेल उठला, पक उचलला आणि खिशात घातला.

मॅच आम्ही जिंकलो. मी ऑफिसात गेलो तर डेल टेप लावत होता. तेवढ्यात तो पोरगा दारात येऊन उभा राहिला. माझ्याहून लाजरा.

"सर, नियमाप्रमाणे तो गोल माझ्या नावावर लागलाय. माझा पहिलाच आहे."

डेलने पककडे पाहिलं. मग पोराचं नाव विचारलं, स्पेलिंगसकट. सावकाश टेपवर लिहिलं, पक त्याच्या हातात दिला.

पोरगा दारापर्यंत गेला.

"थांब!" डेलने पक परत घेतला आणि नावाखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली.

'पास दिला: डेल.'