आठव्या गाण्यातलं रडणं

माझ्या मुलीच्या अल्बममध्ये आठव्या गाण्याच्या शेवटी जी बाई रडते ती मी आहे. ज्यांच्या मरणावर मी रडते ते माझे सासरे त्या वेळी घरामागच्या वाडीत खाटेवर बसून चहा पीत होते, आणि तो चहा मीच नेऊन दिला होता.

वर्षा नागपूरला शिकते आणि दोन मित्रांबरोबर बँडमध्ये गाते. गिटार आहे, ड्रम आहे, सगळं आहे. अल्बमचं नाव ‘पूल बंद आहे’. (हे वाक्य आम्ही भामरागडकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून पावसाळाभर फुकट ऐकतो. त्याचा अल्बम होतो हे ठाऊक नव्हतं.) सात गाणी नागपुरात झाली. आठवं तिला घरीच गायचं होतं.

“आई, मातीच्या भिंतीत आवाज घुमत नाई. मधल्या खोलीत गाईन.”

माइक चंद्रपूरच्या एका सरांकडून उसना आणलेला. दुसऱ्या दिवशी सरांचा कार्यक्रम होता, म्हणून तो चारच्या बसने परत जायलाच हवा होता. म्हणजे त्या दुपारी गाणं झालं तर झालं, नाहीतर अल्बम सात गाण्यांवर आटोपणार. वर्षाने सकाळपासून भाकरीचा तुकडा मोडला नव्हता. ती घरभर येरझारा घालत होती आणि तिच्या मागे मी, कारण नसताना.

माझ्याकडे कामं आली: खोली रिकामी करायची, भिंतींवर गोधड्या टांगायच्या आणि शेजार गप्प ठेवायचा.

मधली खोली सासऱ्यांची. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. चार दिवस त्यांना ताप होता, हे साऱ्या गावाला माहीत. उतरला त्याच सकाळी, हे फक्त मला माहीत. त्यांची खाट मी पुढच्या अंगणात काढून भिंतीला उभी टेकवली आणि त्यांना मागच्या वाडीत दुसऱ्या खाटेवर बसवलं. घरात माणूस गेलं की आमच्याकडे खाट अशीच अंगणात उभी करतात, हे मला तेव्हा आठवलं नाही. गावाला आठवलं.

“सूनबाई, माह्या बिड्या?” मामाजींनी विचारलं.

“उंदरानं नेल्या,” मी म्हटलं. चार दिवस हेच सांगत होते. खोकला काय थोडा होता?

मग शेजारच्या कौशल्याबाईंकडे गेले. चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि एकटी कौशल्याबाई म्हणजे चार माणसंच.

“आज दुपारी रेडिओ नका लावू,” मी म्हटलं.

“काऊन वो?”

आता अल्बम म्हणजे काय, तो मधल्या खोलीत कसा करतात, हे कसं सांगणार? मी जमिनीकडे पाहत राहिले.

“बुढ्याचा ताप वाढला का?”

“तसं नाई. वर्षा आली न नागपूरवरून, म्हणून.”

“पोरीलेही बोलावून घेतलं?” कौशल्याबाईंनी छातीवर हात ठेवला. मला वाटलं, बाई समजूतदार आहे.

तीन वाजता रेकॉर्डिंग सुरू झालं. गिटार आणि ड्रम आधीच वाजवून ठेवले होते. ते फक्त वर्षाच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजत होते. बाहेर ऐकू येत होता तो तिचा एकटीचा आवाज. आणि गाणं असं की पुराच्या पलीकडे बहीण अडकली आहे आणि ही अलीकडून तिला हाक मारते आहे. बंद घर, उभी खाट, आणि आतून पोरीची लांबलचक किंकाळी. मी सपरीत, म्हणजे ओसरीवर, दाराशी राखणीला बसले होते. मीटरपासून नेलेल्या वायरमुळे दार पुरतं लागत नव्हतं, म्हणून त्यावर गोधडी सोडली होती.

तेवढ्यात कौशल्याबाई अंगणातून धावत आल्या, त्यांच्या मागे पाच-सहा बाया. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी ते बोट बाजूला करून मला मिठी मारली आणि सुरात रडायला लागल्या.

आता हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. पण आमच्याकडे बाईने गळ्यात पडून रडणं धरलं की दुसरीला उत्तर द्यावंच लागतं. विचार करायला वेळ नसतो. शिंक येते तसं ते येतं.

“मामाजीऽऽ,” मी सुरू केलं, “आता वरन फिकं म्हनून कोन बोलन जीऽऽ.”

मामाजी जिवंत आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. थांबता मात्र येईना. एकदा डोळ्यांतून पाणी आलं आणि माझा आवाज मोकळा झाला. असा आवाज माझ्याकडे आहे हे मलाही नवीन होतं.

“बिड्या उंदरानं नाई नेल्या जीऽऽ. म्याच तांदळाच्या कोठीत लपवल्या जीऽऽ.”

कौशल्याबाईंचे मालक डोमाभाऊ दोन हिरवे बांबू खांद्यावर घेऊन आले, तिरडीसाठी. बाया वाढल्या. आणि घराला वळसा घालून, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले मामाजी आले. मयतीची गर्दी दिसली म्हणून रीतीप्रमाणे मागे बसले आणि हळूच डोमाभाऊंना विचारलं, “कोन गेलं?”

“तुमी,” डोमाभाऊ म्हणाले. मग त्यांच्या खांद्यावरचे बांबू खाली पडले.

“कवा?” मामाजींनी विचारलं.

बायांचं रडणं अर्ध्यावर तुटलं. तेवढ्यात गोधडी सरकवून वर्षा बाहेर आली, हेडफोन गळ्यात. डोळे मिटून गात होती, तिला काहीच कळलं नव्हतं. पण माइकला सारं कळलं होतं. पुन्हा गायला बसावं तर कौशल्याबाईंनी मयतीच्या घरासाठी पिठलं-भात आणलेला. घमेलंभर अन्न परत नेणं अशुभ, म्हणून सारी अंगणातच जेवायला बसली. वर्षा ताट बाजूला सारून रडली. या खेपेला मी गप्प होते. चारची बस आली आणि माइक गेला.

रात्र होण्याआधीच वर्षाने रेकॉर्डिंग नागपूरला बँडच्या दोन्ही पोरांना पाठवलं. वर्षाची शेवटची हाक संपते तिथून माझं रडणं उठतं, जणू पलीकडच्या काठावरून. तिघांनी फोनवरच ते तीनदा ऐकलं. “आई,” वर्षा म्हणाली, “तू सुरात आहेस.”

म्हणून ते तसंच राहिलं.

बांबूंवर आता वालाचा वेल चढला आहे. मामाजी रोज वर्षाच्या बाबांना मोबाइल मागतात. “गाणं राहू दे, रडणं लाव. जितेपनी इतकं चांगलं कोनाले ऐकाले भेटते?” मात्र बिड्यांची ओळ आली की ते उठून कोठीकडे जातात.

बिड्या तिथे नाहीत. वर्षाच्या बाबांना सांगून मी जागा बदलून घेतली आहे. कुठे ठेवल्या ते मला सांगू नका, अशी ताकीदही दिली आहे. कौशल्याबाईंनी पुन्हा मिठी मारली तर माझा काही भरवसा नाही.