मारलेल्यांची नावं

मंगळवेढ्याहून सोलापूरला येताना एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती. मी मोबाइलवर अमेरिकेतल्या एका इटालियन टोळीप्रमुखाची कहाणी बघत होतो.

"कोन रं ह्यो?" तिनं विचारलं.

"गरिबाचा पोरगा होता, आजी. माणसं मारत मारत शहराचा राजा झाला," मी कौतुकानं सांगितलं.

तिनं पदर खसकन खांद्यावर ओढला.

"मारलेल्यांची नावं सांगत्यात का त्यात? आमच्या गावातबी असलाच एक हाय. माझ्या लेकाला भर बाजारात जिवं मारलं त्यानं. आता त्याच्या वाढदिवसाला बॅनर लागत्यात, अन् माझ्या लेकाचं नाव कुनी घेत न्हाय!"

मी मोबाइल बंद केला. सोलापूरला ती मागं न बघता उतरून गेली, आणि मग मला स्वतःचाच संताप आला. तिच्या लेकाचं नाव मीही विचारलं नव्हतं.