अष्टमीचं पाणी आणि आमचा हिस्सा

ऐंशीच्या दशकात मी मालवणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि मालवणी फक्त घरात, तीही दार लावून.

खडकांवर वाढणाऱ्या लाल शेवाळापासून आगर नावाचा जेलीसारखा पदार्थ काढतात. प्रयोगशाळेतल्या बश्यांत जंतू वाढवायला तोच लागतो. आम्ही तो परदेशातून मागवायचो आणि शेवाळ मात्र आमच्या पायाखाली असायचं. त्या शेवाळाच्या तुकड्यांपासून काचेच्या चंबूत नवी रोपं वाढवायची, असा परदेशी विद्यापीठाबरोबरचा संयुक्त प्रकल्प मी मांडला. निम्मा निधी त्यांचा, निम्मा दिल्लीचा. अर्जात ‘भारतीय बाजूचे काम’ या रकान्यात मी स्वतः टाइप केलं होतं: नमुने गोळा करणे, सुकवणे, पाठवणे. चंबूंचं सगळं काम तिकडे. वर, अर्ज गेला म्हणून प्राचार्यांना पेढेही दिले. अशी मी बावळट.

पाहणीला दिल्लीचे साहेब आणि तिकडचे प्राध्यापक आले. ओहोटी बाराला, म्हणून मी त्यांना भर उन्हात किनाऱ्यावर नेलं. बारा वाजले, साडेबारा झाले, तरी खडक पाण्याखालीच. कालवं काढणारी एक काकी टोपली घेऊन बसली होती. शेवाळ दाखवायला मीच तिला बोलावलं होतं, पण दिवस ठरवताना विचारलं नव्हतं.

“गो बाये, आज अष्टमी,” ती म्हणाली. “भांगाचा पाणी. ह्ये खडक उघडे पडाचे नाय.”

अष्टमीला ओहोटी अर्धीमुर्धीच होते, त्यालाच भांग म्हणतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी इंग्रजी तारीख आणि ओहोटीची वेळ पाहिली होती, तिथी नाही.

प्राध्यापकांनी विचारलं, “मग कधी?” मी दुभाषी.

“अमावास्येक येवा, उजाडता उजाडता,” काकी म्हणाली आणि कुठल्या खडकावर कुठल्या महिन्यात शेवाळ दाट येतं तेही सांगत सुटली. प्राध्यापक भराभर लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, “उत्तम. हे सुकवून पाठवा, पुढचं आम्ही बघू.”

“काय म्हणता तो?” काकीने विचारलं. मी सांगितलं.

“म्हणजे कमर मोडून काढूचा आमी, नि रांधूचा तेनी? आणि तू ह्याका हो म्हटलंस?”

हो म्हणूनच तर बसले होते.

दुसऱ्या दिवशी तो रकाना शाईने खोडला. वर लिहिलं: रोपं चंबूत वाढवण्याचं काम मालवणात, दोन्ही बाजूंनी मिळून; शेवाळाची माहिती देणाऱ्या बायकांची नावं अहवालात. प्राचार्य म्हणाले, “बाई, हातचा निधी घालवाल.”

“घालवीन,” मी म्हटलं. प्राचार्यांशी असं बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

तिकडून अर्ज परत आला: मूळ मजकूर कायम ठेवावा. मी तोच खोडलेला कागद पुन्हा पाठवला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पत्र आलं नाही, निधीही आला नाही. दिल्लीने मात्र आपला हिस्सा दिला, तोही कापून. त्यात कॉलेजची अडगळीची खोली साफ झाली, चंबू आले, आणि पहिल्या वर्षी सगळ्यांत बुरशी वाढली. त्या बुरशीसकट ती खोली आमची होती. आजही कुणी तो रकाना पुढे केला, तर खोडायला मी पेन आधी काढीन, चष्मा नंतर.