लाल टिकलीचा रस्सा

हसायचं असन तं आधीच हसून घ्या. मधात कोणी हसलं का माह्यं डोकं फिरते. तुमाले गंमत वाटन, पण हे आठवलं का मी अजूनही गळ्यातली माळ चाचपून पाहतो.

नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याले आमची खानावळ हाय. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' हे शब्द मालकाच्या नावापेक्षा मोठे. मालक म्हणजे मी. गळ्यात माळ, मटणाची चव जन्मात घेतली नाही. कारभार सारा सुनेकडे, वैशालीकडे. तिनं टेबला-टेबलावर स्कॅनर चिकटवले. गिऱ्हाइकानं मोबाइल धरला का जेवणाची सारी नावं त्याच्या हातात. आन् मले बजावलं, आबा, गल्ल्यावरच्या टॅबले हात लावू नका, एक बोट चुकलं तं सारं उलटंपालटं होईन.

मले हात लावू नका म्हणणं म्हणजे बैलाले उभ्या पिकात जाऊ नको म्हणणं.

त्या दिवशी माह्या नातीच्या, पल्लवीच्या सोयरिकीसाठी धामणगाव बढ्याहून पाहुणे येणार होते. जेवण खानावळीतच. पोराचा बाप महादेवराव पक्का माळकरी, अंड्याची गाडी दिसली का रस्ता बदलणारा. वैशाली पोरीले तयार करायले घरी गेली. गल्ल्यावर मी एकटा, आन् समोर तो टॅब.

पाह्यलं तं पातोडीचा रस्सा, श्रीखंड, शेवभाजी, वरण सारं एकाच जागी, बाजारात उतरवलेल्या पोत्यांवानी. हर एका नावापुढं हिरवी टिकली. बोट ठेवलं तं टिकली लाल झाली. आता तुमीच सांगा, लाल काय असते? तिखट. वऱ्हाडातल्या माणसाले दुसरं काय सुचन?

म्हन्लं, पाहुण्यायची सोय करू. ज्यानं जीभ झोंबन ते लाल, बाकी हिरवं. पातोडी लाल, शेवभाजी लाल, भरलं वांगं लाल. ठेच्यापाशी मात्र अडलो. जीव घेते, पण हिरव्या मिरचीचा. हिरवाच राहू देला, रंगाशी बेइमानी काऊन करा? लाल केलेली नावं आपोआप सरकून एका गटात गेली आन् वर इंग्रजीत काहीतरी आलं. मले इंग्रजी येत नाही. म्हन्लं, 'तिखट'च लिहिलं असन.

पाहुणे आले, बसले. नवऱ्या मुलानं मोबाइल स्कॅनरवर धरला, आन् त्याचा चेहराच उतरला. बापाच्या कानात काही बोलला. महादेवरावानं हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"आबासाहेब, पाटी शाकाहारीची, आन् आत नॉनव्हेज?"

"कायचं नॉनव्हेज?"

"पातोडी, शेवभाजी. वांगंसुद्धा सोडलं नाही तुमी."

टॅब खोटं बोलत नाही, हे वैशाली रोज सांगते. म्हणजे भांड्यात काय शिजून राह्यलं हे त्या टॅबले कळलं, आन् मले, मालकाले, नाही. मी तसाच चुलीकडे धावलो. आमचा स्वयंपाकी, ज्याले आमी महाराज म्हणतो, तो निवांत रस्सा ढवळत होता.

"खरं सांग बे महाराज, पातोडीत काय घातलं?"

"बेसन."

"आन् दुसरं?"

"आबा, हरभऱ्याले कधी हाड असते काय?"

मले काही भरवसा वाटेना. वाटीत रस्सा घेतला, पातोडीचा तुकडा तोंडात टाकला. नरम. दाबला तं विरघळला. वरून तेलाची लाल तर्री. मटण असंच असते म्हणतात. मी कधी खाल्लं असतं तं वळखलं असतं न? गिळल्यावर ध्यानात आलं का गिळलं. हात माळेवर गेला.

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज. पाहुणे उठून राह्यले होते. आजूबाजूचे गिऱ्हाईक हातातला घास हातातच धरून बसलेले. घरी नटून राह्यलेल्या पल्लवीचं तोंड डोळ्यापुढं आलं, आन् धीर सुटला. मी मधोमध उभा राहून हात जोडले. म्हन्लं, पोरीचा काही दोष नाही, आमच्या महाराजानं मटण घातलं, टॅबनं पकडलं, मीबी आत्ताच खाल्लं.

म्हणजे पाहुण्यायचा नुसता संशय होता. पुरावा मी देला.

तेवढ्यात दारात वैशाली आन् पल्लवी. वैशालीनं आधी टॅब पाह्यला.

"आबा, ह्या टिकल्या लाल कोणी केल्या?"

"मीच. तिखटाच्या हायेत त्या."

मंग वैशालीनं हळूच सांगतलं का लाल टिकली मासमच्छीची असते. महादेवराव माह्याकडे पाहत राह्यले.

"आन् ठेचा हिरवा काऊन ठेवला?"

"हिरव्या मिरचीचा हाय म्हणून."

तो माणूस खुर्चीत बसला आन् पोट धरून हसला. पातोडी दोनदा घेतली. जेवण झाल्यावर म्हणे, पोरगी पसंत हाय, पण लग्नात आबाच्या हाती फक्त अक्षता द्या, दुसरं काही देऊ नका.

सुपारी फुटली. महादेवरावाच्या मंडळीनं साऱ्यायले कुंकू लावलं, माह्याही कपाळाले लावलं, चांगलं मोठं. मी पाया पडणाऱ्या पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला, तं पोट्टी उठता उठता कानात म्हणते,

"आबा, लाल टिकली लागली. आता तुमीबी नॉनव्हेजात."