चेंडूमागची जागा

माझा धाकटा भाऊ कोन गावाजवळ एका भाड्याच्या शेतात जाळी लावून मुलांना गोल्फ शिकवतो. रविवारी सकाळी मी सुकापूरहून स्कूटरने तिथे जातो आणि विखुरलेले चेंडू बादलीत गोळा करतो. ये असं तो म्हणालेला नाही, येऊ नकोस असंही नाही. गेल्या दिवाळीपर्यंत तो नव्या पालकांना माझी ओळख करून द्यायचा. "हा माझा दादा. याच्यासमोर जपून बोला, हा खोटं बोलत नाही." पालक कौतुकाने हसायचे, मीही हसायचो. त्या वाक्यात काय भरलेलं होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमचे वडील रसायनीकडे एका कारखान्यात होते. वसाहतीत साहेबांसाठी गोल्फचं लहानसं मैदान होतं, आणि साहेब घरी गेले की आम्हाला तिथे कोणी हटकत नसे. भाऊ मारायचा, मी बघायचो. माझ्या हातांना तो खेळ जमला नाही. पण एक गोष्ट मला दिसायची, ती त्याला दिसत नसे. तो चेंडूपाशी उभा राहिला की आपण झेंड्याच्या रेषेत आहोत असं त्याला वाटायचं, आणि त्याचे खांदे मात्र उजवीकडे वळलेले असायचे. मी चेंडूच्या बरोबर मागे जाऊन सांगायचो, "डावीकडे. अजून थोडं. हं, मार." आम्हा भावांमध्ये याहून जास्त बोलणं फारसं कधी झालं नाही, आणि गरजही पडली नाही.

पुढे तो व्यावसायिक झाला. देशभर फिरून स्पर्धा खेळू लागला. या खेळात सगळं कार्डावर असतं. वर्षाच्या शेवटी कमाईच्या यादीत ठरावीक नंबराच्या आत असाल तर पुढच्या वर्षी खेळायचा हक्क, म्हणजे कार्ड, मिळतं. बाहेर पडलात तर पात्रता फेरीच्या रांगेत नवख्यांबरोबर उभं राहायचं. भाऊ काही वर्षं त्या काठावरच जगत होता. त्यात त्याचा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि फटक्याला मदत करणारा माणूस, दुसऱ्या, जास्त जिंकणाऱ्या खेळाडूकडे निघून गेला. मी तेव्हा न्हावा शेवाच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात होतो. आई म्हणाली, तो एकटा पडेल, तू जा. मी बिनपगारी रजा टाकली आणि एका अख्ख्या हंगामासाठी भावाची बॅग खांद्यावर घेतली.

नेमका त्याच वर्षी नियम बदलला. खेळाडू फटक्यासाठी पाय रोवायला लागला की कॅडीने चेंडूमागे, त्या रेषेत उभं राहायचं नाही. राहिला तर खेळाडूला दोन फटक्यांचा दंड. आम्ही यावर एक खूण ठरवली. मी मागून त्याला सरळ करायचो, आणि त्याने टोपी पुढे ओढली की बाजूला व्हायचो. त्यानंतरच तो पाय रोवायचा. हंगामभर एकदाही चूक झाली नाही.

बाकीचं मात्र बिघडत गेलं. मैदानावर तो माझा भाऊ नव्हता. फटका चुकला की काठी माझ्या हातात द्यायच्याऐवजी जमिनीवर टाकायचा, म्हणजे मला वाकावं लागे. बरोबरच्या खेळाडूंना सांगायचा, हा माझा दादा, एरवी कंटेनर मोजतो, म्हणून सगळं सावकाश. एकदा पावसात भिजल्यावर मी त्याला विचारलं, तुझ्याबरोबर आत बसून चहा पिऊ का. तो म्हणाला, "इथे तू कॅडी आहेस." आणि आत गेला. कॅडींना जेवणाची पाकिटं पार्किंगच्या मागे मिळायची. तिथे मला सगळे 'बडे भैया' म्हणायचे. एक जण म्हणाला होता, दुनियेत मोठा भाऊ धाकट्याला ओरडतो, तुमच्याकडे उलटी गंगा. मी त्यांच्यात बसून हसायचो. रात्री फोनवर आईला सांगायचो की सगळं छान चाललंय.

शेवटची स्पर्धा उत्तरेकडच्या एका शहरात होती, थंडीत. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर निम्म्याहून जास्त लोक घरी जातात, त्याला कट म्हणतात. भावाचा हिशेब साधा होता. कट पार झाला तर कार्ड राहणार, नाही तर गेलं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या होलपर्यंत तो बरोबर काठावर होता. आधीच्या होलवर एक सोपा पट, चेंडू होलात ढकलायचा हलका फटका, हुकल्यावर त्याने टोपी काढून माझ्या छातीवर फेकली आणि म्हणाला, मागे उभा राहून तू बघतोस तरी काय. मी ती टोपी बॅगेला अडकवली.

शेवटच्या ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, चारेक फुटांचा पट उरला होता. चेंडू आत गेला की कार्ड शाबूत. मी मागे उभा राहिलो, हलक्या आवाजात म्हटलं, "डावीकडे. हं." आता तो टोपी ओढेल म्हणून मी थांबलो. टोपी बॅगेवर होती. तेवढ्यात त्याचे पाय हलले. उजवा पाय रोवला, मग डावा. मला ते स्पष्ट दिसलं. त्या क्षणी 'थांब' म्हटलं असतं, तो मागे सरून, मी बाजूला गेल्यावर पुन्हा उभा राहिला असता, तर काहीच झालं नसतं. नियमात तेवढी सोय होती. पण त्याचा श्वास एका लयीत आलेला मला ऐकू येत होता. ती लय मोडायला नको म्हणून मी गप्प राहिलो आणि पावलं न वाजवता बाजूला सरकलो. चेंडू होलात पडला. भावाने डोळे मिटून घेतले.

बरोबर खेळणारा वयाने मोठा खेळाडू पुढे आला. "बुरा मत मानना," तो म्हणाला, आणि त्याने पंचांना बोलावलं. पंच आले, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी समजावलं की कॅडी नकळत उभा राहिला असेल, खेळाडू पाय रोवतोय हे त्याच्या लक्षातच आलं नसेल, तर दंड नाही. आणि ते माझ्याकडे वळले.

"जब ये स्टान्स ले रहा था, आपको पता था?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. हंगामभरात त्याने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. लहानपणी मैदानावर मी 'हं, मार' म्हणायच्या आधी बघायचा, तसं. बरोबरचा खेळाडू जमिनीकडे बघत होता. मला वाटतं, मी नाही म्हणावं असं त्यालाही वाटत होतं.

"हां," मी म्हटलं, "पता था."

दोन फटके वाढले, कट गेला, कार्ड गेलं. परतीच्या प्रवासात भाऊ एकच वाक्य बोलला: "एकदाच नाही म्हणायचं होतं, दादा." आईने माझ्यासमोर ताट ठेवताना विचारलं, "तुला खरं बोलायला तोच दिवस सापडला?" त्यानंतर दर वर्षी तो पात्रता फेरीला जातो. कधी दोन फटक्यांनी, कधी दहाने मागे राहून परत येतो. बॅगेला कोणी तरी भाड्याचा कॅडी असतो. आता त्याचा गुडघा दुखतो. या वर्षीची फेरी शेवटची, असं त्याने बायकोला सांगितलंय.

लोक मला प्रामाणिक समजतात. मी तसं समजू दिलं. पण 'पता था' म्हणताना माझ्या आत काय झालं ते मला माहीत आहे. मला बरं वाटलं. वाकून उचललेल्या सगळ्या काठ्या, ते पार्किंगमागचं जेवण, छातीवर आदळलेली टोपी, सगळ्याची परतफेड त्या दोन शब्दांत झाली. वाक्य खरंच होतं. पण मी ते खरं आहे म्हणून बोललो नाही. मला त्याला पडलेला बघायचं होतं.

हे मी मनात ठेवायला हवं होतं. दिवाळीत आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघंच मागे राहिलो होतो, पानं उचलत. मला वाटलं, आई गेली, आता हे ओझं कशाला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल, निदान शिवी देईल, अशी माझी तयारी होती. त्याने हातातली पानं टोपलीत टाकली, हात धुतले, आणि नॅपकीन शोधत राहिला. मग म्हणाला:

"माझं कार्ड एका खऱ्या माणसामुळे गेलं, असं मी स्वतःला समजावलं होतं. तेवढंच होतं माझ्याकडे. ते तरी ठेवायचं होतंस."

पालकांसमोरचं ते वाक्य मला टोमणा वाटत आलं होतं. तो ते मनापासून म्हणत होता.

त्यानंतरही मी रविवारी जातो. शेताचा मालक बांधावर बसलेला असतो. तो एकदा मला म्हणाला, "बॉल पुढं जातो, तुमी मागं उबे राहून बघता काय?" भाऊ ऐकत होता, हसला नाही. मागच्या रविवारी एका नव्या बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण. भाऊ म्हणाला, "ते बॉल गोळा करायला येतात."

मुलं गेल्यावर तो स्वतः सरावाला उभा राहिला. पुढच्या आठवड्यात त्याला पात्रता फेरीला निघायचं आहे. मी बादली घेऊन त्याच्या मागून येत होतो आणि न ठरवता थांबलो, चेंडूच्या बरोबर मागे. सरावाला कसलाच नियम नसतो. तो उजवीकडे वळलेला होता, पूर्वीपेक्षा बराच जास्त. इतकी वर्षं भाड्याच्या माणसांनी त्याला ते सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तरी त्याने ऐकलं नव्हतं. डावीकडे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला.

मी मागे आहे हे त्याला कळलं होतं. वळून न बघता त्याने टोपी पुढे ओढली.

मी बाजूला झालो. त्याने मारलं. चेंडू उजवीकडच्या खांबाला लागून शेताबाहेर, ट्रकच्या रस्त्याकडे गेला, आणि मी बादली घेऊन तो आणायला निघालो.